पायरी दाखवा, ताळा करा

(सदाशिव पेठ, पुणे येथे तरुणांच्या एकदिवसीय अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी तुम्ही संविधानावर ऐकलंत, जेवणानंतर चळवळीच्या इतिहासावर ऐकणार आहात. मध्येच हे गणिताचं सत्र कुठून आलं, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. काही जण मागच्या रांगेत सरकलेतही. गणित म्हटलं की मागची रांग भरते, हा जुना अनुभव आहे. काळजी करू नका. आज फक्त चार गणितं करायची आहेत आणि एकही आठवीच्या पुढचं नाही.

आपण ज्या पेठेत बसलो आहोत तिथूनच सुरुवात करू. या इमारतीतून बाहेर पडा आणि टिळक रस्त्याच्या दिशेने चाला. दर चार-सहा इमारतींमागे एक अभ्यासिका लागेल. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली हजारो मुलंमुली इथे स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. मेसचा डबा, झेरॉक्सचे गठ्ठे आणि महिन्याच्या भाड्याची एक खुर्ची. त्यांच्या टेबलावर राज्यघटना असते, आधुनिक भारताचा इतिहास असतो आणि त्याखाली बऱ्याचदा सातवी-आठवीचं गणिताचं पुस्तक असतं. कारण पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर. लोकसेवा आयोगाच्या अभ्यासक्रमात त्यातल्या अंकगणिताची पातळी दहावीची लिहिली आहे. केंद्राच्या परीक्षेत २०१५ पासून हा पेपर पात्रतेपुरता झाला, राज्यसेवेतही आता तसंच आहे. २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. ते मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरात कितीही मिळवा, मुख्य परीक्षेचं दार उघडत नाही. 'गणित नको म्हणून आर्ट्स घेतलं' असं सांगणाऱ्यांना गणित पंचविशीत पुन्हा गाठतं.

हा प्रश्न एका धर्माचा नाही. 'प्रथम'च्या 'असर' सर्वेक्षणाने २०२३ मध्ये ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना एक भागाकार घातला. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं. तो बरोबर करणारे ४३ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे दहातल्या सहा जणांना तो आला नाही. त्या सहा जणांत सगळे आहेत. पण आपल्यातल्या अनेकांच्या घरी शिकवणी लावायला पैसे नसतात, आईवडिलांची शाळा लवकर सुटलेली असते, आणि घरची बोली शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी असते. तेव्हा जे सगळ्यांचं दुखणं आहे, ते आपल्याकडे जरा जास्त दुखतं.

आजच्या सत्रासाठी शाळेतले दोनच शब्द पुरे आहेत. पहिला, पायरी. दुसरा, ताळा. पायरी म्हणजे या ओळीवरून पुढच्या ओळीवर मी कसा आलो ते दाखवणं. ताळा म्हणजे आलेलं उत्तर उलट दिशेने तपासून पाहणं. चारही गणितं याच दोन शब्दांवर करू.

पहिलं गणित

९१८ भागिले ९. वहीत करा. बोलू नका.

ज्यांचं उत्तर १२ आलं, त्यांनी हात वर करा. लाजू नका, दर वर्गात येतात. ज्यांचं १०२ आलं, तेही हात वर करा. आता पायऱ्या पाहू.

९ शतकांत ९ एकदा जातात. वर १ लिहिला, बाकी ० उरली.
आता १ दशक खाली घेतलं. १ मध्ये ९ जात नाहीत. जात नाहीत, म्हणजे शून्य वेळा जातात. वर ० लिहायचा.
मग ८ खाली घेतले, १८ झाले. १८ मध्ये ९ दोनदा जातात. वर २.
उत्तर १०२.

१२ लिहिणाऱ्याचं कुठे चुकलं? त्याला पाढे येतात, भागाकाराची रीतही येते. एक पायरी त्याने मनातच केली आणि कागदावर उतरवली नाही. 'जात नाही' हे त्याला कळलं होतं, पण त्यासाठी ० लिहावा लागतो हे राहिलं. आता ताळा. १२ गुणिले ९ म्हणजे १०८. आपल्याला तर ९१८ हवे होते. एका ओळीच्या ताळ्याने चूक हाती लागली. तेवढ्यासाठी सर लागले नाहीत, मॅडम लागल्या नाहीत, गाईडमागची उत्तरसूची लागली नाही.

वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाने १२ म्हटलं तरी उत्तर १०२ च राहतं. शिक्षकांनी घाईत १२ लिहिलं तर चौथीतली मुलगीसुद्धा उभी राहून सांगू शकते की मॅडम, ताळा जुळत नाही. कोण बोललं याने इथे फरक पडत नाही. आपल्या समाजात असं किती ठिकाणी चालतं, याचा विचार करा.

याच गणितात भाषेचाही एक प्रश्न आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दखनी किंवा उर्दू बोलतात आणि शाळा मराठी असते. घरी 'उनासी' म्हणतात, शाळेत 'एकोणऐंशी', आणि इंग्रजी माध्यमातली चुलत बहीण 'सेव्हंटी नाइन' म्हणते. ७९ साठी मराठीत ऐंशीला एक कमी, उर्दूतही ऐंशीला एक कमी. पण पुढच्या ८९ ला मराठी म्हणते 'एकोणनव्वद', नव्वदला एक कमी. उर्दू म्हणते 'नवासी', ऐंशी आणि नऊ. एका घरातून दुसऱ्या भाषेत जाताना सहा वर्षांचं मूल दहाचा आख्खा गट ओलांडतं, आणि आपण म्हणतो त्याचं गणितात डोकं चालत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस' बरोबर 'वीस सात' असं संख्यावाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! विधानसभेपर्यंत थट्टा गेली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा शांतपणे सांगत होत्या की जुनी पद्धत काढलेली नाही, दोन्ही दिल्या आहेत. त्या स्वतः गणितात पीएच.डी. केलेल्या आणि मुलांसाठी 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या विदुषी होत्या. त्रेसष्ट ऐकून मूल आधी तीन लिहितं आणि मग सहा, हे ज्याने पहिली-दुसरीत शिकवलंय त्याला ठाऊक असतं. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जण त्या मुलाशेजारी बसले असतील? तुमच्या घरात पहिली-दुसरीतलं भावंड असेल तर आज घरी जाऊन त्याला ७९ आणि ८९ घरच्या बोलीत, मराठीत आणि आकड्यात लिहायला लावा. तिन्ही शेजारी शेजारी. ही त्याची पहिली पायरी.

दुसरं गणित

हे सातवीचं आहे. शेकडेवारी आणि सरळव्याज.

समजा, भाजीची गाडी लावणाऱ्या एका बाईंनी २४,००० रुपये कर्ज घेतलं. देणारा म्हणाला, 'फक्त १२ टक्के, फ्लॅट. वर्षभर हप्ते.' स्वस्त वाटतं. पायऱ्या करू.

२४,००० चे १२ टक्के म्हणजे २,८८० रुपये व्याज.
एकूण परतफेड २६,८८०.
बारा हप्ते, दर महिना २,२४०. त्यातले २,००० मुद्दलाचे, २४० व्याजाचे.

इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. आता जी पायरी कोणी दाखवत नाही ती पाहू. बाईंकडे वर्षभर २४,००० होते का? पहिल्या महिन्यात २४,००० होते. एक हप्ता भरला, २२,००० राहिले. मग २०,०००. असं उतरत उतरत बाराव्या महिन्यात फक्त २,०००. या बारा रकमांची बेरीज १,५६,००० होते. तिला १२ ने भागा. सरासरी १३,०००. म्हणजे बाईंनी वर्षभर सरासरी १३,००० वापरले आणि २,८८० व्याज भरलं.

२,८८० भागिले १३,०००, गुणिले १००. उत्तर येतं २२ च्या थोडं वर. बँकेच्या काटेकोर सूत्राने साडेएकवीसच्या आसपास येईल. तोंडी सांगितलेला दर १२ आणि पडलेला दर त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यात 'फाइलचे ५००' आधीच कापले असतील तर हातात २३,५०० च आले, व्याज मात्र २४,००० वर. दर आणखी वर गेला.

व्याज हराम की हलाल यावर आपल्या मोहल्ल्यात तासन् तास वाद होतात. वाद जरूर करा. पण व्याज नको म्हणून ज्यांनी शेकडेवारी शिकायचं टाळलं, त्यांना ते भरायचं काही टाळता आलं नाही. गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, बचत गटाचं कर्ज, मुलीच्या लग्नासाठी सोनं ठेवून काढलेले पैसे. भरतोच आहोत. मग निदान किती भरतो ते तरी कळू द्या.

यात एक हत्यार कायद्याने हातात दिलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्याने मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी बँकेने किंवा वित्त कंपनीने कर्जदाराला मुख्य माहितीचा एक कागद द्यायचा असतो. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहायचा असतो, आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो. उद्या तुमची अम्मी किंवा खाला कर्जाच्या कागदावर सही करणार असेल तर तिच्याबरोबर जा. हा कागद मराठीत मागा. 'आम्हाला पायऱ्या दाखवा' असं म्हणायला लाजू नका.

तिसरं गणित

अपूर्णांक. हे नाव ऐकलं की पाचवीची मुलं घाबरतात. खरं म्हणजे अपूर्णांक आपल्या तोंडात लहानपणापासून असतात. पाव किलो, पाऊण तास, दीड वाजले, अडीचशे रुपये. घरी म्हणतो सवा, डेढ, ढाई, पौने. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी यांचे पाढे पाठ करून घेत. तोंडातला अपूर्णांक कागदावर उतरवायचा, एवढंच शिकायचं असतं.

गणित असं. एक गृहस्थ वारले. त्यांचे आईवडील आधीच गेलेले. मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. मिळकत एक घर, किंमत ३२ लाख, डोक्यावर कर्ज नाही. भारतात सुन्नी हनफी पद्धतीने कोणाला किती?

पहिली पायरी. मुलंबाळं असताना पत्नीचा वाटा एक अष्टमांश. ३२ चा आठवा भाग ४. पत्नीला ४ लाख.
दुसरी पायरी. उरले सात अष्टमांश, म्हणजे २८ लाख.
तिसरी पायरी. मुलाला दोन भाग, प्रत्येक मुलीला एक भाग. दोन अधिक एक अधिक एक, एकूण चार भाग. २८ भागिले ४, एक भाग ७ लाखांचा.
चौथी पायरी. मुलाला १४ लाख, प्रत्येक मुलीला ७ लाख.
ताळा. ४ अधिक १४ अधिक ७ अधिक ७ म्हणजे ३२. जुळलं.

हे गणित फार जुनं आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने ज्या ग्रंथात 'अल-जब्र'ची रीत मांडली, त्याचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या वाटण्यांवर आहे. त्या ग्रंथाच्या नावातून 'अल्जिब्रा' आला, आणि त्याच्या स्वतःच्या नावाच्या लॅटिन रूपातून 'अल्गोरिदम'. अल्गोरिदम म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या पायऱ्या. आज सगळे ज्याचं नाव घेतात तो शब्द मुळात पायऱ्यांचाच आहे.

त्याचा अभिमान वाटावा, पण तोही ताळा करून. 'गणित आपणच शोधलं' असले संदेश फिरतात. ख्वारिझ्मीने एक दुसरा ग्रंथ लिहिला तो भारतीय अंकांच्या रीतीवर. शून्यासकट दहा अंकांची ही पद्धत त्याने भारताची म्हणूनच मांडली. उलट दिशेनेही विद्या गेली. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये तिचा फारसीत अनुवाद केला. विद्या अशी इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात राहिली. जो एकट्याची मालकी सांगतो, त्याला पायऱ्या विचारा.

परत आपल्या घराकडे येऊ. फळ्यावर मुलींना सात-सात लाख आले. प्रत्यक्षात काय होतं? भाऊ तलाठी कार्यालयात किंवा रजिस्ट्रारकडे घेऊन जातो, हक्कसोडपत्र पुढे करतो, आणि 'माहेर तुटायला नको' म्हणून बहीण सही करते. सात लाखांचं शून्य होतं. ही रीत महाराष्ट्रात हिंदू घरांतही आहे, मुसलमान घरांतही आहे. पण आपल्याकडे तेच लोक शरियतच्या रक्षणासाठी भाषण करतात आणि त्याच शरियतने सांगितलेला सातचा आकडा बहिणीला देत नाहीत. म्हणून माझी मागणी दोन पायऱ्यांची आहे.

पहिली पायरी, जो वाटा आज कायद्यात आहे तो पुरता द्या. कोणत्याही बहिणीने सही करण्यापूर्वी तिला हे गणित कागदावर करून दाखवा. मग तिने स्वखुशीने सोडलं तर तिचा निर्णय. आकडा न सांगता घेतलेल्या सहीला स्वखुशी म्हणत नाहीत.

दुसरी पायरी, १४ आणि ७ या आकड्यांनाही प्रश्न विचारा. आजची मुलगी कमावते, आईबापांना सांभाळते, घराचे हप्ते भरते. मग तिचा भाग एक का? संविधानाच्या १४ व्या कलमात कायद्यापुढे समानता आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तो तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधात होता. १९७० मध्ये याच पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. त्या सात जणींनी जो प्रश्न विचारला तोच वारशाच्या या फळ्यापुढे उभं राहून विचारायचा आहे. कायदा बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. आईवडील हयातीत हिब्याने, म्हणजे बक्षीस म्हणून, ताबा देऊन मुलामुलींना सारखं देऊ शकतात. आजच्या कायद्यात त्याला आडकाठी नाही. ज्यांना मुली आहेत आणि ज्यांना पुढे होतील, त्यांनी हे लक्षात ठेवा.

चौथं गणित

हे आपल्यावरच बेतलेलं आहे. 'मुसलमानांची संख्या भयंकर वाढते आहे, थोड्याच वर्षांत ते बहुसंख्य होतील.' हा संदेश तुम्ही सगळ्यांनी वाचला असेल. तुम्हाला राग येतो, आणि राग आला की आपण एक तर भांडतो किंवा गट सोडून बाहेर पडतो. आज गणित करू. आकडे जनगणनेचे, २००१ आणि २०११ चे.

मुसलमान १३.८२ कोटींवरून १७.२२ कोटींवर गेले. वाढ ३.४० कोटी. भागिले १३.८२, गुणिले १००. उत्तर २४.६ टक्के.
हिंदू ८२.७६ कोटींवरून ९६.६३ कोटींवर गेले. वाढ १३.८७ कोटी. भागिले ८२.७६, गुणिले १००. उत्तर १६.८ टक्के.

ज्याला तुम्हाला घाबरवायचं आहे तो २४.६ आणि १६.८ दाखवून थांबेल. आकडे खरे आहेत. मुसलमानांचा वाढीचा दर जास्त आहे, हे आपण मान्य केलं पाहिजे. 'सगळं सारखंच आहे' असं म्हणणं हेसुद्धा पायरी गाळणंच झालं. पण पुढची पायरी करा. त्याआधीच्या दशकात हे दर किती होते? मुसलमानांचा २९.५ आणि हिंदूंचा १९.९. दोन्ही उतरले. मुसलमानांचा ४.९ ने, हिंदूंचा ३.१ ने. दोघांतलं अंतर ९.६ होतं, ते ७.८ झालं. कमी होतं आहे.

आता हिस्सा. २००१ मध्ये लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के, २०११ मध्ये १४.२. दहा वर्षांत ०.८ ची भर. याच चालीने, ५० वर जायला आणखी ३५.८ हवेत. ३५.८ भागिले ०.८ म्हणजे जवळपास ४५ दशकं. साडेचारशे वर्षं. आणि हे गणितही मी चुकीच्या गृहीतावर केलं आहे, कारण चाल तीच राहणार असं धरलं. ती तर मंदावते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होत, २०१९-२१ मध्ये २.४ च्या जवळ. हिंदू बाईचा आकडा ३.३ वरून १.९ वर आला. दोघीही एकाच रस्त्याने चालल्या आहेत, एक थोडी मागे आहे. जिथे मुली जास्त शिकल्या तिथे हा आकडा लवकर उतरला, धर्म कोणताही असो.

पुढच्या वेळी असा संदेश आला तर शिवी देऊ नका. तिथे या चार ओळी लिहा आणि शेवटी विचारा, 'तुमच्या पायऱ्या कुठे आहेत?' उत्तर येईलच असं नाही. पण त्या गटात गप्प बसून वाचणारे पन्नास जण असतात, ते वाचतील. आणि हाच नियम आपल्या बाजूच्या संदेशांना लावा. आपल्याला आवडणारा आकडा आला की ताळा न करता पुढे ढकलायची सवय आपल्यालाही आहे.

आता काय करायचं

मोठी संस्था काढायची गरज नाही. तुमच्या मोहल्ल्यात, मग तो कोंढव्यात असो, मोमिनपुऱ्यात असो, मिरजेत किंवा मालेगावात असो, आठवड्यातून दोन संध्याकाळी एक तास बसा. मदरशाची खोली चालेल, शाळेचा व्हरांडा चालेल, कोणाचं तरी घर चालेल. एक फळा, एक खडू. एका बैठकीत एकच गणित. ते सोडवणाऱ्याने फळ्यावर प्रत्येक पायरी मोठ्याने बोलायची. बाकीच्यांनी दर पायरीला एकच विचारायचं, 'हे कुठून आलं?' उत्तर आल्यावर ताळा दुसऱ्याने करायचा.

तीन गोष्टी पाळा. चुकलेल्यावर हसायचं नाही. ज्याने चूक केली त्याच्याच वहीतली नेमकी पायरी शोधायची, सगळं गणित पुसून पुन्हा घालायचं नाही. आणि मुलींना फळ्यापाशी आधी बोलवायचं, कारण त्या येतातच नाहीत अशी तक्रार करणारे बहुधा त्यांना मागच्या सतरंजीवर बसवतात.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी तर हे हमखास करावं. पाचवीतल्या मुलाला भागाकार समजावून सांगताना तुमच्या दुसऱ्या पेपराची निम्मी तयारी होते. शॉर्टकट जरूर शिका, परीक्षेत वेळ कमी असतो. पण पायऱ्या माहीत असलेल्यालाच शॉर्टकट कुठे चालणार नाही ते कळतं.

माझी वेळ संपत आली आहे. जाता जाता घरचा अभ्यास देते. वही उघडा आणि उतरवून घ्या.

एक गृहस्थ वारले. आईवडील हयात नाहीत. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मिळकत ४० लाख. प्रत्येकाचा वाटा काढा. मग तीच मिळकत आईला तिचा वाटा देऊन तिन्ही मुलांत सारखी वाटली तर मुलीच्या हाती किती जास्त येईल, तेही काढा. दोन्ही उत्तरं पायऱ्यांसह एका कागदावर लिहा आणि तो कागद घरी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर ठेवा. काय बोलणं झालं, ते पुढच्या शिबिरात ऐकायला मला आवडेल.

ताळा करायला विसरू नका.